मुलाच्या क्रेडिट कार्डाचं कर्ज: एफडी मोडण्याआधी आई-वडिलांनी काय करायचं

सोलापुरात शिकलेली पोरं नोकरीला पुण्याला जातात. पगार जमा व्हायला लागला की दोन-तीन महिन्यांत कार्डवाल्यांचे फोन सुरू होतात. एका कार्डाची दोन होतात, दोनाची चार होतात आणि घरी यातलं काहीच कळत नाही. कळतं ते एखाद्या दुपारी अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि पलीकडचा माणूस मुलाचं पूर्ण नाव घेऊन विचारतो, "पेमेंट कधी करताय?" तेव्हा.

बँकेत कर्ज खात्यात नोकरी झाल्यामुळे ओळखीतले लोक असल्या वेळी माझ्याकडे येतात. येताना बहुतेकांचं ठरलेलंच असतं. एफडी मोडायची, नाहीतर आईच्या पाटल्या, नाहीतर जुळे सोलापुरातला प्लॉट काढायचा. उद्याच्या उद्या भरून टाकू, चार लोकांत शोभा नको. माझं म्हणणं एवढंच असतं की तुमचा पैसा सगळ्यात शेवटी. आधी कागद, मग कार्डं बंद, मग मुलाच्या पगाराचा हिशोब, आणि त्यातूनही जे भागत नाही त्याला तुमचा पैसा. हा क्रम उलटा झाला की वर्ष-दीड वर्षात तीच कार्डं पुन्हा भरलेली दिसतात. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, ते फुटक्या पिंपात कोणी भरून ठेवत नाही.

हे कर्ज कायद्याने कोणाचं?

सज्ञान मुलाच्या किंवा मुलीच्या नावावरचं कार्ड म्हणजे त्याचं किंवा तिचं कर्ज. बाप म्हणून, आई म्हणून तुम्ही ते देणं लागत नाही. मुलाने फॉर्मवर 'रेफरन्स' म्हणून तुमचा नंबर दिला असेल तरीही नाही. अपवाद तीन. कर्जाला तुम्ही जामीन किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल. मूळ कार्ड तुमचं असून मुलाकडे त्याचं अ‍ॅड-ऑन कार्ड असेल, कारण त्याचं बिल मूळ कार्डधारकाच्या माथी येतं. किंवा तुम्ही स्वतःचा चेक दिला असेल. तिसऱ्या गोष्टीबद्दल विशेष सांगतो. वसुलीवाला घरी येऊन "काका, नुसता सिक्युरिटीला एक चेक द्या" म्हणतो. देऊ नका. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, नुसतं बिल थकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण चेक न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी गुन्हा होतो. कर्जाच्या हप्त्यासाठी बँकेला दिलेला ऑटो-डेबिटचा आदेश पैशांअभावी परत गेला, तर त्यालाही २००७ च्या पेमेंट सिस्टिम कायद्यात तशीच तरतूद आहे.

वसुलीच्या फोनला काय बोलायचं ते एका वाक्यात ठरवून ठेवा: "कर्ज त्याचं आहे, तुम्ही त्याच्याशीच बोला, मी काही भरणार नाही आणि पत्ताही सांगणार नाही." वाद घालू नका, शिव्या देऊ नका, फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत. धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगीपणात घुसणं चालणार नाही. माणूस दारात आला तर बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागा, फोटो काढून ठेवा. नियम मोडला तर मुलाने बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तारीख-वेळेसह लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, माहितीचा नंबर १४४४८.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाल शिक्क्याचं 'अटक वॉरंट' आलं तर ते खोटं समजा. पण कोर्टाचं खरं समन्स किंवा वकिलाची रजिस्टर पोस्टाने आलेली नोटीस कपाटात टाकून देऊ नका. तिला मुदतीत उत्तर द्यावं लागतं.

बोलायचं कसं

फोनवर नको. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने घरी बोलवून घ्या. रात्री जेवू द्या, झोपू द्या. शनिवारी सकाळी बसा. घरात त्या वेळी मामा, काका, शेजारी कोणी नको.

पहिला आकडा खरा नसतो, हे मनाशी धरूनच बसा. तो खोटं बोलतोय म्हणून नव्हे, त्याने स्वतःच बेरीज केलेली नसते.

"किती झालेत रे एकूण?"

"दोन-सव्वादोन लाख."

"बरं. अजून कुठे?"

"...एक अ‍ॅपचं आहे. छोटं."

"लिही. अजून?"

"मित्राकडून घेतलेत थोडे."

हे 'अजून?' शांतपणे विचारत राहा, तो "आता नाही" म्हणेपर्यंत. आवाज चढला की तिथेच आकडा थांबतो आणि उरलेलं सहा महिन्यांनी बाहेर येतं. "आम्ही आयुष्यभर एक रुपयाचं कर्ज केलं नाही" हे वाक्य त्या दिवशी तरी गिळून टाका.

लग्न झालेला मुलगा असेल तर सुनेला हे माहीत असलंच पाहिजे. तिच्यापासून लपवून सासू-सासऱ्यांनी परस्पर कर्ज मिटवणं मला कधीच पटलेलं नाही. त्याच्या संसाराचं बजेट तीही चालवते. मुलगी असेल आणि सासरी बोलायची तिला भीती वाटत असेल तर आधी जावयाशी, एकट्याशी, तिनेच बोलावं.

आणि पोरगं गप्प-गप्प असेल, झोपत नसेल, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असलं काही बोलत असेल तर हिशोब बाजूला ठेवा. त्याला सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का. विचारल्याने ते वाढत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतूनही बोलता येतं.

कागद: यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या

दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक कार्डाची गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट, आणि क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. मुलाने स्वतःच्या मोबाईलवरून तो काढायचा. विसरलेली, लपवलेली, 'नंतर पैसे भरा' वाल्या अ‍ॅपची सगळी खाती बहुतेक त्यात दिसतात. मित्रांचे उसने, भिशी आणि सावकार मात्र त्यात दिसत नाहीत, ते तोंडीच काढून घ्यावे लागतात.

आता वही घ्या. दर कार्डासमोर पाच गोष्टी लिहा: एकूण देणं, मिनिमम ड्यू (त्या महिन्यात किमान भरायची रक्कम), महिन्याचा व्याजदर, देय तारीख, आणि त्या कार्डावर चालू असलेले ईएमआय. शेवटची गोष्ट हटकून राहते. मोबाईल हप्त्यावर घेतलेला असतो, बिलात या महिन्याचा हप्ता तेवढा दिसतो आणि उरलेलं मुद्दल आतल्या पानावर असतं.

मिनिमम ड्यू हा शब्द पोरांना भरवशाचा वाटतो, म्हणून त्याचं गणित त्याच्याच हाताने करून घ्या. समजा कार्डावर १ लाख आहेत आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के. बहुतेक कार्डांचा दर ३ ते ३.७५ च्या घरात असतो. व्याज झालं ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. म्हणजे ४,१३०. मुलाने मिनिमम म्हणून ५,००० भरले, तर मुद्दलातून गेले फक्त ८७०. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात घेतलेल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली असेल तर तिथे सवलत मुळातच नसते.

वर्षाला चाळीस-पंचेचाळीस टक्के व्याज कायद्यात बसतं का, असं वडील हमखास विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. तेव्हा कोर्टात जाऊन व्याज कमी करून आणू, या आशेवर थांबू नका.

एक नमुना धरू. तीन कार्डं: १ लाख ९० हजार (३.७५ टक्के), १ लाख २० हजार आणि ७० हजार (दोन्ही ३.५ टक्के). एकूण ३ लाख ८० हजार. नुसतं व्याज महिन्याला १३,७७५, जीएसटी धरून साधारण १६,२५०. तेच ३ लाख ८० हजार बँकेच्या वैयक्तिक कर्जात १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी फिरवले तर हप्ता साधारण १३,०००. म्हणजे आज तो नुसत्या व्याजापोटी देतोय त्याहून कमी पैशांत तीन वर्षांत मुद्दलासकट मोकळा होतो. पोराचा चेहरा या ओळीला बदलतो, म्हणून ही बेरीज तुम्ही करून दाखवू नका, त्याला करू द्या.

पैसे नेमके गेले कुठे

स्टेटमेंट हातात आहेतच, तर खर्चाच्या ओळी वाचा. भाडं, दवाखाना, नोकरी सुटल्याचे तीन महिने, बहिणीच्या लग्नातला खर्च, असं दिसलं तर गोष्ट सोपी आहे. हॉटेलं, कपडे, गाडीचं सामान दिसलं तरी सुधारण्यासारखी आहे. पण एकाच वॉलेटला वारंवार गोल आकडे गेलेत, रात्री एक-दोन वाजता व्यवहार आहेत, एका कार्डावरून काढून दुसऱ्यात भरलंय, असं दिसलं तर ऑनलाइन पत्ते, बेटिंग किंवा शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (एफ अँड ओ) सौद्यांचा संशय धरा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, पण बाहेरची अ‍ॅप्स चोरून चालतातच. आणि एफ अँड ओ कायदेशीर असलं तरी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते.

असं असेल तर तुमच्या हाताने एक रुपयाही आत्ता द्यायचा नाही. हे ऐकायला निर्दय वाटतं. पण जुगाराच्या नादात असलेल्याला मोकळं झालेलं कार्ड म्हणजे नवा डाव. आधी मानसोपचारतज्ज्ञ, ट्रेडिंगचं खातं बंद, पगाराच्या खात्याचे व्यवहार काही महिने घरातल्या कोणालातरी दिसतील अशी सोय. कर्जाचं त्यानंतर.

कार्डं बंद करणं

'बंद' म्हणजे खातं बंद नव्हे. थकबाकी असताना बँक ते करत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन, परदेशी, टॅप असे सगळे व्यवहार बंद करायचे. प्रत्येक कार्डावर ही सोय असते. खरेदीच्या आणि जेवण मागवायच्या अ‍ॅपमधून साठवलेले कार्ड नंबर काढायचे. ओटीटी, जिम यांचे ऑटो-पे थांबवायचे. कार्ड कात्रीने कापणं फोटोला बरं दिसतं, नंबर मात्र फोनमध्ये राहतो.

त्याच दिवशी फिरवाफिरवी थांबली पाहिजे. दुकानात कार्ड स्वाइप करून दोन-तीन टक्के कापून रोख देणारे आपल्याकडेही आहेत, पुण्यातही आहेत. मित्राला 'भाडं' म्हणून कार्डावरून पैसे पाठवून ते परत घेणं हाही तोच प्रकार. यात कर्ज फेडल्यासारखं वाटतं आणि दर महिन्याला ते कमिशनने वाढतं.

पगाराचं खातं आणि थकलेलं कार्ड एकाच बँकेत असेल तर तिथेही लक्ष घाला. बँक थकबाकीपोटी खात्यातली रक्कम रोखून धरू शकते, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाड्याला पैसे राहत नाहीत. पगार दुसऱ्या बँकेत घ्यायची कंपनीला विनंती करता येते.

मुलाने बँकेशी बोलायचं, तुम्ही शेजारी बसायचं

फोन त्याने करायचा, मेल त्याने लिहायचा. हप्ता चुकण्याआधी बोललं तर पर्याय जास्त असतात. पहिली मागणी: उरलेली थकबाकी ईएमआयमध्ये बदलून द्या. त्याचा दर कार्डापेक्षा बराच कमी असतो. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्याचा दंड आधी विचारा. दुसरा मार्ग वैयक्तिक कर्जाचा. सिबिल स्कोअर अजून बरा असेल तर पगाराच्या बँकेकडून, नाहीतर कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल तर तिच्याकडून. तिसरा, बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर हलवणं. हा मला फारसा आवडत नाही, कारण त्यात एक नवं कार्ड हातात येतं.

एकत्र करणं जमलं नाही तर सगळ्यांचा मिनिमम भरून, वर जे उरेल ते सगळं सर्वांत चढ्या दराच्या कर्जावर टाकायचं. अ‍ॅपवरची छोटी कर्जं बहुधा तीच असतात. आणि भाडं-डबा-प्रवास वजा जाता पगारात खरंच किती उरतं ते वहीत लिहिल्याशिवाय बँकेला कुठलाही हप्ता कबूल करायचा नाही. कबूल केलेला हप्ता दुसऱ्याच महिन्यात चुकला की पुढच्या बोलण्याला वजन राहत नाही.

आता तुमचा पैसा

एवढं झाल्यावर खड्डा किती उरला ते दिसतं. तो भरायला पैसा काढायचाच असेल तर मोडण्याऐवजी तारण ठेवा. एफडीवरचं कर्ज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी आज मोडली तर मिळणाऱ्या रकमेच्या) प्रमाणात कर्ज मिळतं. सोनं बँकेत ठेवलं तर खासगी दुकानदारापेक्षा दर कमी आणि पावती पक्की. ३ लाख ८० हजारांवर वर्षाला १० टक्के धरले तरी महिन्याचं व्याज ३,२०० च्या आत राहतं. वर कार्डांवर ते सव्वासोळा हजार होतं. मात्र सोनेतारण थकलं की लिलाव होतो, त्यामुळे त्याचा हप्ता मुलाच्या पगारातून पहिल्या दिवशी गेला पाहिजे.

राहतं घर गहाण टाकू नका. निवृत्तीचा पीएफ संपवू नका. जागा घाईत विकू नका. सोलापुरात गरजू विक्रेत्याचा वास दलालांना लगेच लागतो. हातात कागद न देता आठवड्याच्या व्याजाने पैसे देणाऱ्याकडे तर जाऊच नका. परवाना नसताना सावकारी करणं २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण तिथवर वेळ येण्याइतकं बिघडू देऊ नका.

पैसे मुलाच्या हातात किंवा खात्यात न देता थेट कार्डाच्या खात्यात भरा, प्रत्येक भरण्याची पावती ठेवा. रोखीत काहीच नको. २० हजार किंवा त्याहून जास्तीचं कर्ज रोखीने घेतलेलं आयकर कायद्याला चालत नाही. आणि हे पैसे उसने आहेत की मदत, ते आधी ठरवा. उसने असतील तर साध्या कागदावर रक्कम, हप्ता, तारीख लिहून दोघांनी सही करा आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी आईच्या खात्यात आपोआप जमा होईल अशी सोय लावा. घरात कागद कशाला, असं सगळे म्हणतात. दुसरं भावंड असेल तर पुढे पाच वर्षांनी हाच कागद भांडण वाचवतो.

खूपच थकलं असेल तर

नव्वद दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत चाललेलं, होतं, आणि काही काळाने बँकच कमी रकमेत मिटवायचा प्रस्ताव आणते. रक्कम मोहात पाडणारी असते. पण रिपोर्टवर त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा लागतो, आणि पुढे गृहकर्ज मागताना तो बँकेला दिसतो. फेडणं शक्य असेल तर पूर्ण फेडा. शक्यच नसेल, तर सेटलमेंट करायला लाजू नका; लटकून राहण्यापेक्षा ते बरं.

करताना एजंटच्या तोंडी आश्वासनावर एक पैसा नाही. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर रक्कम, मुदत आणि 'यानंतर काही देणं राहणार नाही' हे वाक्य आलं पाहिजे. पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. बरीच प्रकरणं लोकअदालतीतही निघतात; सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. लोकअदालतीत झालेला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून परवडेल तोच आकडा तिथे मान्य करा. 'तुमचं कर्ज अर्ध्यात मिटवून देतो, आमची फी आधी' म्हणणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. त्या जे करतात ते मुलगा स्वतः फुकट करू शकतो.

फेडून झाल्यावर

शून्य बाकीचं पत्र मागून घ्या. मग कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने थकबाकी नसलेलं कार्ड बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. सगळीच बंद करायची गरज नाही. सर्वांत जुनं एक, लिमिट कमी करून, पूर्ण बिलाच्या ऑटो-पेवर ठेवलं तर सिबिल सावरायला मदत होते. जुगाराचं प्रकरण असेल तर मात्र एकही नको.

दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. खातं अजून थकीत दिसत असेल तर शून्य बाकीचं पत्र जोडून बँकेकडे आणि सिबिलकडे, दोन्हीकडे ऑनलाइन तक्रार टाका. दुरुस्तीला तीस दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती मागायला मुलाने विसरू नये.